मास्तर, त्या पुस्तिकेत तुमचं नाव नव्हतं

मास्तर,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि मला हलकं वाटतंय. हे वाक्य दुसऱ्या कुणाला दाखवता येणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. आई दोनदा येऊन विचारून गेली, "रडलीस का गं?" मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही आणि मलाही नाही.

हलकं वाटण्याचं पहिलं कारण साधं आहे. तुमचा खोकला थांबला. शेवटच्या वर्षी तुम्ही वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घ्यायला थांबायचात, आणि तुम्ही थांबलात की तुमच्या बायकोचा, आमच्या चाचींचा, पिठातला हातही थांबायचा. "मिलच्या कापसानं अर्धी छाती खाल्ली, उरल्याली ह्या लाकडानं," असं क्लॅरोनेटकडे बोट करून सांगायचात, जणू दोन जावयांनी मिळून सासऱ्याचं रान खाल्लं. सांगताना हसायचात, आणि मग ते हसणं निस्तरायला चाचींना पाणी आणावं लागायचं.

दुसरं कारण, आपलं भांडण होऊन गेलं होतं. ते झालं नसतं तर आज मी साताऱ्यात बसून हे लिहू शकले नसते. कुठेतरी तोंड लपवून बसले असते.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते सांगलीतल्या आमच्या इंग्रजी शाळेच्या मैदानावर. पंधरा ऑगस्टच्या परेडसाठी शाळेनं तुम्हाला दोन महिने बोलावलं होतं. लग्नात बँड वाजवणारा माणूस शाळेत आलाय म्हणून मुली खिदळत होत्या. ढोल आणि बिगूल वाटून झाले. मी शेवटच्या रांगेत. तुम्ही नाव विचारलंत, मी सांगितलं, तुम्हाला ऐकू गेलं नाही. तीनदा विचारलंत. मग नाव सोडून दिलंत आणि स्वतःचा क्लॅरोनेट माझ्या हातात दिलात.

"जी पोरगी बोलत न्हाई तिच्यात वारा साठल्याला असतो. फुंक."

रेडकू हंबरावं तसा आवाज आला. सगळी रांग हसली. तुम्ही हसला नाहीत. "आला न्हवं आवाज? मग झालं," म्हणालात आणि पुढच्या मुलीकडे वळलात.

परेड संपली, शाळेनं तुम्हाला निरोप दिला, आणि मी सायकलवरून माधवनगरला तुमच्याकडे यायला लागले. आठवड्यातून दोनदा, सहा वर्षं. वडील पाटबंधारे खात्यात, त्यांचं म्हणणं काहीच नव्हतं. आईचं होतं. "शीक. पण बँडवाल्याकडे जाते असं सांगत फिरू नकोस. म्युझिकचा क्लास म्हण." मी म्युझिकचा क्लास म्हणायला लागले. आज हे आईवर ढकलावंसं वाटतं, पण खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं. कमी बोलणाऱ्या माणसाला खोटं लपवणं फार सोपं जातं. कोणी फारसं विचारतच नाही.

तुम्हाला इंग्रजीतली सातच अक्षरं यायची. ए पासून जी पर्यंत. मिल चालू होती तेव्हा तिचा स्वतःचा बँड होता, आणि पलटणीतून निवृत्त झालेल्या एका बँडमास्तरांनी तुम्हाला पाच रेघांवरची ती विलायती लिपी शिकवली होती. मिल बंद पडली, तुम्ही लग्नं वाजवायला लागलात, पण लिपी राहिली. चार शार्पची अवघड ओळ तुम्ही बघताक्षणी वाजवायचात, आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव मला वाचायला सांगायचात.

शिकवताना मात्र कागद बाजूला. "डोळं मीट. कान उघड." पहिला नियम हाच. दुसरा नियम, प्रत्येकाला प्रत्येकाची ओळ यायला पाहिजे. आणि तिसरा, जो तुम्ही रागावूनच सांगायचात: आवाज तुटता कामा नये. पुढचा श्वासाला थांबला की मागच्यानं त्याची ओळ त्याच क्षणी उचलायची. कुणाची होती, आपली होती का, हे बघायचं नाही. "आवाज तुटला की घोडं बुजतं," म्हणायचात. "आन् घोडं बुजलं की नवरदेव गटारीत."

तो वर्षानुवर्षांचा धडा मी कुठे नेऊन वापरला ते तुम्हाला माहीत आहे. तरी क्रमानं सांगते, कारण पहिल्या वेळी मी क्रमानं सांगितलं नव्हतं.

शाळेतल्या पियानोच्या मिसनी मला ती जाहिरात दाखवली. बऱ्याच देशांतल्या बावीस वर्षांखालच्या मुलामुलींचा ऑर्केस्ट्रा, उन्हाळ्यात सहा आठवडे जर्मनीत, निवड कॅसेटवरून. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एकच विचारलंत, "किती मानसं?" मी म्हटलं, नव्वद. तुम्ही चाचींना हाक मारलीत. "ऐकलं का? नव्वद मानसांचा बँड! वरात कुठं मावायची?"

कॅसेट भरली ती तुमच्याच घरात. दारांवर, खिडक्यांवर तुम्ही गोधड्या टांगल्यात. शेजारची शेळी लांब बांधून आलात. गल्लीतल्या पोरांना दम दिलात, समोरच्या शिवाप्पांना दुकानाचं शटर वाजवू दिलं नाहीत. आत भट्टी झाली होती. मी अकरा वेळा चुकले आणि अकरा वेळा तुम्ही कॅसेट मागं फिरवलीत, एकदाही सुस्कारा न टाकता. बाराव्या वेळी बटण दाबून बंद केलंत आणि क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती पुसून माझ्या हातात दिलीत.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, शिक्षकाचं नाव. मी त्यात पियानोच्या मिसचं नाव लिहिलं. त्यांनी माझा क्लॅरोनेट दोनदा ऐकला होता. त्यांनी आनंदानं शिफारसपत्र दिलं. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. मी फक्त कल्पना केली, की तिकडे कुणीतरी तो कागद वाचतंय आणि 'लग्नाचा बँड' या शब्दांवर थांबतंय. तेवढंच पुरलं.

माझी निवड झाली, मी जर्मनीला गेले. तिथे ऑर्केस्ट्राला हातानं ताल देणारे दोन कंडक्टर होते. सकाळचा सराव घ्यायची ती एक तरुण बाई, उंच, केस मुलासारखे कापलेले. पहिल्या आठवड्यात तिनं मला चारदा थांबवलं. मी उशिरा येत होते. मला कळेचना, मी तर सगळ्यांचं ऐकून बरोबर मिळवत होते. शेवटी ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, ऐकून वाजवशील तर उशीरच होणार. हात आवाजाच्या आधी चालतो. डोळे उघड आणि माझ्या हाताकडे बघ. मला फार एकटं वाटलं. सहा वर्षं डोळे मिटायला शिकले होते.

दुसरे कंडक्टर म्हातारे, शेवटचे दोन आठवडे आणि कार्यक्रम त्यांचा. ते कमी बोलायचे. मला ते लगेच आवडले.

त्यांच्या तिसऱ्या सरावात ते घडलं. शांत जागा होती, सगळे थांबलेले, फक्त बासरीची एक लांब ओळ. बासरीवाल्या मुलीनं चुकून दोन पानं एकदम उलटली आणि ती थांबली. आवाज तुटला. तुटला म्हणजे तुटणारच होता. त्याआधीच माझ्या क्लॅरोनेटमधून तिची ओळ पुढे निघाली होती. मी ठरवलं नव्हतं. मला सगळ्यांच्या ओळी पाठ होत्या, कारण तुमच्याकडे त्या पाठ असाव्या लागायच्या. चार मात्रा वाजवल्यावर मला कळलं की मी काय करतेय, तोवर म्हाताऱ्यांनी हात खाली केला होता.

"हे कुणी वाजवलं?"

मी हात वर केला. नव्वद माणसं वळून बघत होती.

ते म्हणाले, इथे असं पुन्हा करायचं नाही. त्या मुलीची चूक तिची आहे आणि ती सावरणं माझं काम आहे. मग काठी खाली ठेवली आणि विचारलं, "पण हे तुला शिकवलं कुणी?"

मी म्हणाले, माझ्या शाळेतल्या पियानोच्या मिसनी.

ते म्हणाले, "पियानो शिकवणारी माणसं असं शिकवत नाहीत. हे कुणीतरी चालत वाजवणाऱ्यानं शिकवलंय. जो कोणी असेल त्याला माझा निरोप दे. त्यानं तुझे कान फार चांगले घडवलेत."

मी मान खाली घातली. निरोप घेऊन परत आले आणि दोन वर्षं तो दिला नाही. देताच येत नव्हता. निरोप दिला तर मी तिथे काय बोलले तेही सांगावं लागलं असतं.

परत आल्यावर तुम्हाला कार्यक्रमाची पुस्तिका दाखवली. गुळगुळीत कागद, प्रत्येक वादकाच्या नावाखाली त्याच्या शिक्षकाचं नाव. तुम्ही हात धुऊन आलात, मग ती हातात घेतलीत.

"माझं नाव हाय का ह्यात?"

"आहे."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. मिसच्या नावावर. तुम्ही त्या ओळीवरून अंगठा फिरवलात, आणि पुस्तिका माझ्याकडे परत दिलीच नाहीत. मागायचं धाडस मला झालं नाही.

मग दोन वर्षं आपण दुसऱ्याच गोष्टीवर भांडलो. कंडक्टरवर. तुमचं म्हणणं, जो स्वतः वाजवत नाही तो मास्तर कसला. "सगळी घाम गाळत्यात आन् ह्यो काठी हलवून टाळ्या घेतो. बेंदराच्या सनाला बैलाम्होरं नाचनारा." मी चिडून सांगायची की नव्वद माणसांना ऐकून एकत्र येता येत नाही, लांबच्याचा आवाज पोचायलाच वेळ लागतो. तुम्ही म्हणायचात, "मग नव्वद कशाला बोलवायची? बारा बोलवा." मला ते भांडण आवडायचं, कारण तोवर पुस्तिकेचा विषय निघत नसे.

वडिलांची बदली साताऱ्याला झाली, माझं येणं महिन्यातून एकदावर आलं. या एप्रिलमध्ये आले तेव्हा तुम्ही खाटेवर उशांना टेकून बसला होतात आणि इंजेक्शन द्यायला कंपाउंडर आलेला होता. तुम्ही उशीखालून पुस्तिका काढलीत.

"तुमी शिकल्याले हाय न्हवं? वाचा की जरा. हिच्या नावाखाली माझं नाव हाय. परदेशात छापलंय."

कंपाउंडर पानं उलटायला लागला. त्याचं बोट खाली सरकत होतं. चाची चहा घेऊन दारात उभ्या होत्या, हसत.

"त्यात तुमचं नाव नाही, मास्तर," मी म्हणाले.

कंपाउंडरचं बोट पानावर थांबलं. मी पुढे बोलत राहिले, अर्जाचं, मिसचं, बोट कुठे ठेवलं होतं त्याचं, सगळं उलटसुलट. शेवटी म्हणाले, तिथल्या म्हाताऱ्यांनी तुम्हाला निरोप दिला होता. तो मी इतक्या वेड्यासारखा सांगितला की मलाच कळला नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतंत.

"हिला च्या दे," तुम्ही चाचींना म्हणालात. "तिची गाडी चुकंल."

गाडीला तीन तास होते.

त्यानंतर मी साताऱ्याहून एसटीडी बूथवरून शिवाप्पांच्या दुकानात फोन करत राहिले. शिवाप्पा सांगायचे, "मास्तर गावाला गेल्यात." मागून तुमचा खोकला ऐकू यायचा. एकदा मी म्हटलं, "शिवाप्पा, खोकतंय कोण?" ते गडबडले. "त्ये... गिऱ्हाईक हाय." त्यावर तुम्हाला मोठी उबळ आली. ती हसण्याची होती असं मला वाटलं, पण खात्री नव्हती.

तीन आठवड्यांनी आमच्या घरी फोन वाजला. नाव नाही, गाव नाही.

"त्यो म्हातारा नक्की काय म्हनला? शब्द न गाळता सांग."

मी सांगितलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द.

"चालत वाजवनाऱ्यानं, आसं म्हनला?"

"हो."

तुम्ही रिसीव्हर बाजूला धरून खोकलात.

"मंजी तू नाव न घेता बी मी त्येला ऐकू आलो."

"हो, मास्तर."

"पन तू न्हाई घेतलंस."

"नाही घेतलं."

"बरं. ठेव."

त्या 'बरं'मध्ये माफी नव्हती. मला माफी नकोही होती. तुम्ही रागावला होतात, पुरेपूर, आणि रागावून झाल्यावर फोन केला होतात. दोन वर्षं मला ज्याची भीती वाटत होती ते घडून गेलं होतं आणि आपण दोघं अजून बोलत होतो.

पुढच्या आठवड्यात परत फोन. "आमचा पैला क्लॅरोनेटवाला तापानं आडवा हाय. इस्लामपूरच्या लग्नाची सुपारी घेतलीया. येतीस? भ्याव नगं, तितं तुला कोन वळखत न्हाई."

टोमणा बरोबर लागला. "सांगलीतलं लग्न नाही का एखादं?" मी विचारलं.

"हाय की. विश्रामबागेतलं. तुमच्या जुन्या घराच्या गल्लीतनंच नवरदेव मारुतीला जानार."

"मग ते द्या."

तुम्ही इतका वेळ खोकलात की शिवाप्पांनी फोन घेतला.

चाचींनी बँडच्या लाल कोटाच्या बाह्या आत दुमडून टाचल्या. टोपी मोठी झाली, तिच्यात वर्तमानपत्र कोंबलं. मे महिन्यातलं चार वाजताचं ऊन, मागे घोडा, पुढे आम्ही बाराजण. आणि सगळ्यांच्या पुढे, मोकळ्या हातांनी, तुम्ही. वाजवायला दम उरला नव्हता, म्हणून उलटे चालत होतात, आमच्याकडे तोंड करून, उजवा हात वर धरून. चाची रिक्षातून मागे येत होत्या, तुम्ही पडलात तर म्हणून.

"आरं, पोरगी हाय की क्लॅरोनेटवर!" कुणीतरी ओरडलं. पोरं पुढे धावली. आमच्या जुन्या घराच्या वरच्या गॅलरीत आईची मैत्रीण उभी होती. ती वाकली. तिनं मला ओळखलं, हे मला तिच्या वाकण्यावरून कळलं. पत्तीवरचे माझे ओठ सुकले. मग मी तुमच्या हाताकडे बघितलं. तो खाली यायच्या आत मी श्वास घेतला, आणि तो आला तेव्हा मी तिथे होते, वेळेवर.

मारुतीच्या पायरीवर बसून तुम्ही पाणी प्यालात. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही म्हणालात, "आता कळलं त्यो काठीवाला का उभा ऱ्हातो."

"का?"

"त्येचा बी दम गेल्याला असंल."

मला अजून यावर वाद घालायचाय, मास्तर. तुम्ही चूक आहात. त्या तरुण बाईचा दम चांगला होता. पण तुम्ही हसत होतात, आणि त्या हसण्यानंतर खोकला आला नाही, म्हणून मी तो वाद राहू दिला.

शिवाप्पांचा फोन आला तेव्हा मी पहिल्या एसटीत बसले. पोचले तोवर दुपारची नमाज होऊन पुरुष मंडळी तुम्हाला घेऊन गेली होती. आतल्या खोलीत बायका भिंतीला लागून बसल्या होत्या, दाटीवाटीनं. चाचींनी मला बघितलं आणि हात पुढे केला, पण मधे इतक्या जणी होत्या की तिथवर जाता येईना. मी दारातच चपला काढून उभी राहिले. चाची सोडून मला कोणी ओळखत नव्हतं. कपाळावर टिकली, खांद्यावर प्रवासाची पिशवी.

दारापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वर बघितलं. "तू कोन गं?"

"मी मास्तरांकडे शिकले."

त्यांनी कानामागे हात धरला. मी परत सांगितलं, मोठ्यानं. खोलीतल्या बायका वळल्या.

"म्हंजी साळंत? कुटल्या साळंत शिकवायचे त्ये?"

"शाळेत नाही," मी म्हणाले. "बँडात."

"मग उभी का ऱ्हायलीस?" त्या म्हणाल्या, आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. "सरा गं जरा. हिला आत जाऊ द्या."